काही जिओकॅशवरच लोकांचा जीव का जडतो? (विदर्भातल्या खेड्यापाड्यांपुरतं बोलू)

पांदणवाट
नमस्कार मंडळी. जिओकॅश म्हणजे लपवलेला डबा; वेबसाइटवर दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून तो शोधायचा आणि आतल्या कागदावर नाव लिहायचं. एकाच तालुक्यात पाच-सहा जिओकॅश असतात. एकीखाली येणारा प्रत्येक जण दोन-दोन परिच्छेद लिहितो, फोटो टाकतो, फेव्हरिट पॉइंट (आवडल्याची पावती) देऊन जातो. बाकीच्यांखाली नुसतं 'टीएफटीसी', म्हणजे 'कॅशबद्दल आभार', आणि पुढे चालू. डबा तसाच, कागद तसाच. मग फरक कुठे पडतो?
हिंगणघाट-समुद्रपूर भागात एक नवी कॅश ठेवायची आहे. डबा केवढा घ्यावा, कोडं घालावं की सरळ ठेवावी, लोक पॉइंट नेमका कशाला देतात? किस्से नकोत. मापं, सामान, काय बिघडतं आणि का, एवढंच सांगा.

नागपुरी_तडका
'हिंगणघाटात कॅश ठेवतोय' असं चारचौघांत बोलू नका. अर्धं गाव फावडं घेऊन येईल. (ह. घ्या.)

धुरेकरी
डब्यासाठी पॉइंट क्वचित मिळतो. मिळतो तो जागेसाठी. माणूस गाडी थांबवून, ऊन खात पाऊण किलोमीटर चालत आला, तर तिथे पोचल्यावर 'बरं झालं आलो' असं वाटायला हवं. जुनी पायविहीर, मामा (मालगुजारी) तलावाची पाळ, एखादं पडकं हेमाडपंती देऊळ लांबून दिसेल असा उंचवटा, पळस फुलला की लाल होणारा माळ. असं काही असेल तर आतला डबा साधी बरणी असली तरी चालते. पेट्रोल पंपामागच्या कुंपणात चुंबकाने चिकटवलेली नॅनो (बोटाच्या पेराएवढी कॅश) कितीही सफाईदार असो, तिला पॉइंट पडत नाही.
दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचे २०० मीटर. वर्णनात गाडी कुठे लावायची, पांदण कुठून सुरू होते, धुऱ्यावरून जायचं की नाल्यातून, पावसात काळ्या मातीत बूट किती रुततो, हे लिहिलं असेल तर माणूस वैतागलेला पोचत नाही. पॉइंट न मिळण्याचं निम्मं कारण चुकीची वाट. शोधणारा उभ्या तुरीतून जातो, शेतमालक ओरडतो, आणि मग कॅश सोन्याची असली तरी लॉग (वेबसाइटवरची नोंद) कडूच उतरतो.

गणिताचा_तास
आधी मोजायचं कसं ते ठरवू. फेव्हरिट पॉइंट २०१० च्या शेवटी आले. ते फक्त प्रीमियम (पैसे भरणाऱ्या) सदस्यांना देता येतात, आणि दर १० शोधांमागे १ मिळतो. म्हणजे माणूस तो जपून वापरतो. म्हणून 'अमुक कॅशला ४०० पॉइंट' यावरून फारसं कळत नाही. ती शहरात असेल, हजारो लोक येऊन गेले असतील.
आपल्याकडे वर्षाला पाच-सात जण येतात. त्यामुळे टक्केवारी बघा, तीही प्रीमियम शोधकांपैकी किती जणांनी दिला याची. पण तिथेही फसगत आहे. ३ पैकी ३ म्हणजे १०० टक्के, आणि ५० पैकी ४० म्हणजे ८० टक्के. पहिली सरस का? नाही. प्रोजेक्ट-जीसी या आकडेवारीच्या साइटवर विल्सन स्कोअर असतो, तो कमी नमुन्याला दंड करतो. ९५ टक्के विश्वासपातळीच्या सूत्राने ३ पैकी ३ ला साधारण ४४ येतात आणि ५० पैकी ४० ला ६७. खेड्यातल्या कॅशने पहिल्या दोन वर्षांत आकड्यांकडे बघूच नये, लॉग वाचावेत. लॉगची लांबी हाच आपला खरा मापदंड.

कोडंप्रेमी_वणी
धुरेकरींशी निम्मा सहमत. जागा चांगली हवीच, पण लोक चवीने सांगतात ते कोड्याबद्दल. आणि हिंगणघाट म्हणताय तर विषय हातात आहे! भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. मद्रासजवळ १८०२ मध्ये पायारेषा मोजून ७८ पूर्व रेखांशाच्या आसपास त्याने त्रिकोणांची जी साखळी वर आणली, ती याच भागातून जाते. जगभरचे जिओकॅशर सर्वेक्षणाच्या खुणांवर जीव टाकतात. त्यांचा खेळच अक्षांश-रेखांशांचा.
मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याची कॅश, करा. पहिला टप्पा कबरीपाशी, तिथे काहीही न ठेवता, फक्त बघून मोजायचं किंवा वाचायचं. त्यातून अंक काढून दोन ठिकाणांहून दिशेचे कोन द्या. दोन रेषा जिथे छेदतील तिथे शेवटचा डबा. शोधणाऱ्याने स्वतः लॅम्बटन व्हायचं.

धुरेकरी
कल्पना झकास, पण कोन मोबाइलच्या होकायंत्राने मोजायला लावू नका. ५ अंशांची चूक सहज होते, आणि ५०० मीटरवर ५ अंश म्हणजे ४४ मीटर. शेजारी टॉवर लाइनचा खांब किंवा स्वतःची गाडी असेल तर आणखी. माणूस अख्खा धुरा उकरत बसेल.

कोडंप्रेमी_वणी
मान्य. मग कोन वर्णनातच द्यायचे, अंकांच्या जागी अक्षरं ठेवून. माणूस कबरीपाशी आकडे भरतो आणि घरी किंवा ॲपमध्ये छेदबिंदू काढतो. उत्तर पडताळायची सोय पानावरच ठेवता येते, ती ठेवाच. आणि हेच मिस्टरी (आधी कोडं सोडवायच्या) प्रकारात टाकणार असाल, तर नकाशावर दिसणारा खोटा बिंदू खऱ्या जागेपासून साधारण ३ किलोमीटरच्या आत असावा लागतो.

खारपाणी
कोडी चालू द्या. मी डब्याकडे वळतो, कारण इथल्या बहुतेक कॅश मे आणि जुलैमध्ये मरतात. एकदा ओला लगदा हातात आला की कोणी पॉइंट देत नाही.
मेमध्ये ४५-४६ अंश. काळा डबा थेट उन्हात असेल तर आत ६० च्या वर जातं. ग्लू गनचा गोंद त्या तापमानाला मऊ पडतो, म्हणून चुंबक गळून पडतात. चुंबकाला एम-सील किंवा दोन भागांची इपॉक्सी लावा, त्याआधी दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने घासा. स्वस्तातले पारदर्शक डबे दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात. कड्या आधी तुटतात, झाकण वर नुसतं टेकलेलं राहतं, आणि पावसाळ्यात आत तळं. म्हणून डबा नेहमी सावलीत ठेवा.
पाणी नेहमी बाहेरूनच येतं असं नाही. जुलैच्या दमट हवेत झाकण लावलं की ती ओल आतच कोंडली जाते आणि रात्री थंडाव्याला कागदावर दव धरते. नवी कॅश मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बंद करा. बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाका, ती वर्षातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवा. झिपलॉक पिशवीवर विसंबू नका. घडीवर ती महिन्याभरात चिरते, मग पाणी आत घेते आणि बाहेर सोडत नाही. बॉलपेनची शाई फुटते, शिसपेन्सिल टिकते. पेन्सिल बोटभर लांबीची कापून ठेवा, लांब पेन्सिलमुळे झाकण बसत नाही आणि लोक तसंच उघडं सोडून जातात.
सर्वात टिकाऊ आणि स्वस्त म्हणजे प्रीफॉर्म. पाण्याची बाटली फुगवण्याआधीची ती जाड नळी. २८ मिमी तोंड, बोटभर जाड, वीतभराहून कमी. झाकण घट्ट बसतं, भिंत दोन-तीन मिमी जाड. आत ९ सेंमी रुंदीची कागदाची पट्टी गुंडाळून मावते. फक्त कागद सैल गुंडाळा, नाहीतर काढताना फाटतो.

बंडीची_धाव
सबन खरं हाय भाऊ, पण जीवजंतू इसरले तुमी. काळ्या जमिनीच्या भेगेत डबा ठेवू नका राजेहो. उन्हाळ्यात वीतभर भेग पडते, डबा खाली सरकते, अन् पाणी पडलं का जमीन फुगून भेग बुजते. मंग तो डबा पुढच्या उन्हाळ्यालेच भेटन. दगडाखाली ठेवलं तं इंचू. 'हात घालण्याआधी काडीनं चाचपा' हे हिंटमधी ल्याच. लाकडी डबा असन तं उधई. कागदाले बी लागते थे, तळ जमिनीले टेकू देऊ नका.
अन् वारूळ किंवा दगडासारखा दिसणारा डबा बिलकूल करू नका. वारुळात काय रायते हे सांगाले लागते काय! दगडाचं तं इचारूच नका. कोनी त्याले शेंदूर फासला का संपलं. तुमची कॅश देवस्थान झाली, मंग 'ओनर मेंटेनन्स', मंजे डब्याची डागडुजी, कराले नारळ घेऊन जा.

नागपुरी_तडका
आणि लॉगबुकच्या जागी देणगी पावती पुस्तक.

पाईपवाला_पुसद
सगळे टिकण्याबद्दल बोलताय, पण माणूस हसला पाहिजे हे राहिलंच. आपल्याकडे स्वस्तात जमणारी गंमत म्हणजे पाणी ओतायची कॅश.
४० मिमीचा शेतीचा पीव्हीसी पाइप, ५० सेंमी तुकडा. खाली एंड कॅप सॉल्व्हंट सिमेंटने पक्की, एक रात्र सुकू द्यायची. आत प्रीफॉर्म सोडायचा. तो हवेने भरलेला असल्याने तरंगतो. झाकणाला भोक न पाडता गळ्याला नायलॉन दोऱ्याचा छोटा फास बांधायचा, वर आला की बोटात धरता यावा. पाइप कुंपणाच्या लोखंडी खांबाला दोन क्लॅम्पनी उभा बसवायचा. झाडाला खिळा मारायचा नाही, रिव्ह्यूअर (वेबसाइटचा तपासनीस) परत पाठवतो आणि ते बरोबरच आहे.
आतला व्यास साधारण ३६ मिमी, म्हणजे भरायला अर्धा लिटर पाणी. लोक ६३ मिमीचा घेतात कारण तो गोठ्यात पडलेला असतो. त्याला १.४ लिटर लागतं आणि एक लिटरची बाटली घेऊन आलेला माणूस तोंड बघत बसतो. तळापासून २ सेंमीवर २ मिमीचं एकच भोक. भराभरा ओतलं तर गळतीवर मात होते, भोकावर अंगठा ठेवला तर अजून सोपं. नंतर तीनेक मिनिटांत पाइप भोकापर्यंत आपोआप रिकामा होतो. वर्णनात फक्त 'पिण्याशिवाय एक लिटर पाणी जास्त आणा' एवढंच लिहा. काय करायचं ते तिथे कळलं पाहिजे. पाणी चढताना तो फास हळूहळू वर येताना दिसतो, तेवढ्या दहा सेकंदांसाठी लोक पॉइंट देतात.

खारपाणी
@पाईपवाला, उत्तम. दोन भर. त्या २ मिमी भोकात काळी माती आणि कोळ्याचं जाळं बसतं. मग पाणी साचतं, डास होतात. दर दोन महिन्यांनी तारेने मोकळं करा. आणि वर सैल टोपी हवीच, नाहीतर पावसात कॅश स्वतःच स्वतःला शोधून देते.

बंडीची_धाव
बाभयीच्या काडीले च्युइंगम लावून बी निंगते थे.

पाईपवाला_पुसद
म्हणून तर पाइप ५० सेंमी. काडी लांब आणि सरळ लागते, आणि बाभळीची काडी सरळ कधी असते?

मामा_तलाव
गंमत पुरे, गंभीर मुद्दा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे स्टीलचा जेवणाचा डबा, पत्र्याची पेटी, वायर किंवा बॅटरी दिसणारं काहीही ठेवू नका. परदेशात लष्कराच्या गोळ्यांची पेटी आवडीचा डबा आहे. इथे बेवारस स्टीलचा डबा म्हणजे बॉम्बशोधक पथकाला निमंत्रण. डबा पारदर्शक हवा, आतलं बाहेरून दिसलं पाहिजे. बाहेर ठळक मराठीत: 'हा शोधाशोधीचा खेळ आहे. आत फक्त वही आहे. कृपया जागेवर ठेवा.' मेळघाटाकडे हिंदीही. पोलीस पाटलांना आणि जमीनमालकाला आधी सांगा आणि तसं सांगितल्याचं पानावर नोंदवा.
अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. गाविलगड, नरनाळा मोहात पाडतात, पण डबा तिथे नको. जंगलाला लागून असलेल्या शिवारातही 'फक्त दिवसा' ही खूण लावा. मोहफुलं आणि तेंदूपानाच्या दिवसांत पहाटे माणसं जंगलात असतात, त्याच वेळी वाघही. शिवाय तेव्हा वणवे लागतात, प्लॅस्टिकचा गोळा होतो.
आणि माझ्या मते लोकप्रियतेचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हेच: गावाला माहीत असलेली कॅश टिकते. चौकातल्या टपरीवाल्याला ठाऊक असेल तर तो येणाऱ्याला वाट दाखवतो, गुराख्याच्या पोरांना दटावतो. लॉगमध्ये मग त्या चहाचंच वर्णन येतं.

गणिताचा_तास
मामा_तलाव यांना +१. एक विरोधाभास बघा. खेळाचा नियम 'मगल' (खेळाबाहेरच्या) लोकांपासून लपवा असा, आणि खेड्यात लपून काही करणारा माणूसच सगळ्यांत जास्त दिसतो.

नागपुरी_तडका
मग संख्या वाढवायची तर समृद्धी महामार्गालगत रांग लावावी का? नियम १६१ मीटर अंतराचा. किलोमीटरला सहा बसतात.

धुरेकरी
द्रुतगती मार्गावर मध्येच थांबायला बंदी आहे, जीव जाईल. इंटरचेंजबाहेर पडल्यावर पहिल्या गावाजवळ एक ठेवा, प्रवासी वळतील. आणि रांगांबद्दल बोलायचं तर, पॉवर ट्रेलवर लोक आकडा वाढवायला जातात. शेवटी तीनशे कॅशपैकी एकही आठवत नाही. त्यांना पॉइंट मिळालाच तर पहिल्या किंवा शेवटच्या डब्याला.

मेहकरची_वाट
डबाच न ठेवता लोकप्रिय होणाऱ्या प्रकाराचं नाव कोणी घेतलं नाही. अर्थकॅश. लोणारसारखी जागा दुसरी कुठे आहे? बेसाल्टमध्ये उल्कापाताने झालेलं विवर, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास, पाणी खारं आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये सूक्ष्मजीवांमुळे पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. अर्थकॅशमध्ये शोधणाऱ्याला प्रश्न द्यायचे असतात आणि उत्तरं जागेवर निरीक्षण करूनच देता आली पाहिजेत.
इथेच बहुतेक जण घसरतात. 'विवराचा व्यास किती?' हा प्रश्न मोबाइलवर सुटतो, रिव्ह्यूअर नाकारतो. त्याऐवजी: काठावर उभं राहा, कडेच्या खडकांचे थर आतल्या बाजूला झुकलेत की बाहेर, आणि तुमच्या मते का? आघाताने काठ उचलला जातो हे माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. असे तीन-चारच प्रश्न ठेवा, दहा विचारलेत तर तो परीक्षेला बसल्यासारखा घाम पुसतो. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी इथेही लागते, डबा नसला तरी.
अकोला-अमरावतीकडच्यांसाठी पूर्णेचा खारपाणपट्टाही विषय आहे. विहिरीचं पाणी चाखायला मात्र लावू नका, विहिरीच्या कडेवर सुकलेला पांढरा थर बघायला लावा.

खारपाणी
माझं सदस्यनाम सार्थकी लागलं.

बंडीची_धाव
अवांतर: डब्यात खायचं ठेवलं तं चालते काय? चिवडा, गिवडा?

गणिताचा_तास
नाही. मुंग्या, माकडं, अस्वलं, सगळ्यांना वास येतो. गंमत अशी की पहिल्या डब्यात खायचं होतं. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक बंद केली, आणि ३ मे ला ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर यांनी एक बादली ठेवली. तिच्यात इतर वस्तूंबरोबर बीन्सचा डबा होता. कॅन्ससमधली 'मिंगो' त्याच महिन्यातली, ११ मे २००० ची. महामार्गाजवळ साधी जागा आहे, तरी लोक मुद्दाम वळतात, कारण ती सर्वात जुन्यांपैकी. म्हणजे धुरेकरींच्या 'जागा, जागा' सिद्धांताला अपवाद: कधी कधी नुसतं वयही पुरतं.

धुरेकरी
अपवाद नाही हो. तिथे जागेचाच इतिहास आहे. लॅम्बटनच्या कबरीसारखा.

पांदणवाट
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. तर ठरतंय असं: पहिला टप्पा लॅम्बटनची कबर, तिथे काही ठेवायचं नाही. कोन वर्णनात. शेवट वणा नदीच्या बाजूला एका परवानगी दिलेल्या शेताच्या कुंपणावर, पाईपवाल्यांचा ४० मिमीचा पाइप. शोधणाऱ्याने आधी त्रिकोण सोडवायचा, मग पाणी ओतायचं. जास्त होतंय का?

कोडंप्रेमी_वणी
अजिबात नाही!

धुरेकरी
थोडं होतंय. दोन टप्प्यांत दोन वेगळ्या युक्त्या म्हणजे एकात अडकलेला माणूस दुसरीपर्यंत पोचतच नाही. कोडं सोपं ठेवा, डिफिकल्टी (अवघडपणाची श्रेणी) २ च्या वर जाऊ देऊ नका. हसू पाइपवर येऊ द्या.

मामा_तलाव
हो. आणि डिसेंबर-जानेवारीत खुली करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात कमरेएवढं गवत असतं, पहिलाच माणूस 'सापडलं नाही' लिहून जातो. पहिला लॉग डीएनएफ असला की पुढचे चार जण फिरकत नाहीत.

गणिताचा_तास
शेवटची सूचना, सगळ्यांत किरकोळ आणि सगळ्यांत जास्त कॅश बुडवणारी. को-ऑर्डिनेट अंश आणि दशांश मिनिटांत द्यायचे असतात. तुमचं ॲप सेकंद दाखवत असेल तर तसेच उतरवू नका. २० अंश ४४ मिनिटं ०६ सेकंद म्हणजे ४४.१०० मिनिटं. तुम्ही ४४.०६ लिहिलंत तर डबा ७४ मीटर दक्षिणेला गेला. दशांशातला तिसरा अंक उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.७३ मीटर. फोन जागेवर ठेवून दहा-पंधरा मिनिटांची सरासरी घ्या. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा घ्या, दोन्हींत ५ मीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

पांदणवाट
आत्ताच बघितलं. ॲप सेकंदच दाखवतंय.

नागपुरी_तडका
म्हणजे डबा शेजारच्या शेतात. त्या मालकाची परवानगी घेतलीत का?